एक्स्टेंशन ट्यूब: रोजच्या वस्तूंमधून स्वतःचं पोर्ट्रेट काढायचं असेल तर घ्याव्यात का?

आधीच सांगून टाकते, किडे, फुलं, पानावरचे थेंब काढायचे असतील तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही. मी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ रिंगा, घेतल्या त्या वेगळ्याच कामासाठी. आपण रोज हाताळतो त्या आपल्याच वस्तू, म्हणजे चष्मा, पेन, डबा, लाटणं, घराची किल्ली, यांचे अगदी जवळून फोटो काढायचे, चेहरा कुठेही दाखवायचा नाही, आणि ते सगळे फोटो मिळून आपलं पोर्ट्रेट व्हायला पाहिजे. बरेच दिवस हे डोक्यात होतं पण साध्या लेन्सने काढलेले फोटो ऑनलाइन विकायला ठेवलेल्या सामानासारखे दिसायचे. डब्याचा फोटो काढला की डबा दिसायचा, माझा डबा दिसायचा नाही. ट्यूब लावल्यावर तो दिसायला लागला, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

कॅमेरा कॅननचा २००डी, लेन्स ५० एमएम एफ १.८ एसटीएम, म्हणजे बहुतेकांनी कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सनंतर घेतलेली पहिली लेन्स. ही लेन्स ३५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही आणि तेवढ्या जवळून वस्तू सेन्सरवर साधारण एक पंचमांश आकाराची पडते. पोर्ट्रेटला झकास, पण चष्म्याच्या स्क्रूला काही उपयोगाची नाही. मी घेतलेला सेट तीन ट्यूबचा आहे, १२, २० आणि ३६ एमएम, आतून कॉन्टॅक्ट, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स जोडणाऱ्या विजेच्या पिना, असलेला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच सेट पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि आतला माल एकसारखाच दिसतो. मला अडीच हजारांच्या आत पडला.

ट्यूबमध्ये काच नसते हे पहिलं लक्षात घ्या. नुसती पोकळ रिंग, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते आणि लेन्सला सेन्सरपासून लांब ढकलते, बस्स. लेन्स जितकी पुढे सरकेल तितक्या जवळच्या वस्तूवर फोकस होतो आणि वस्तू सेन्सरवर तितकी मोठी पडते. लांबचं मात्र काहीच फोकस होत नाही, ट्यूब लावून खोलीपलीकडचा माणूस काढायला गेलात तर नुसता धुरकट रंग दिसेल. काच नसल्यामुळे लेन्सच्या शार्पनेसमध्ये बाहेरून कुठली भेसळ होत नाही, हा तिचा मोठा गुण. लेन्सच्या स्वतःच्या उणिवा मात्र मोठ्या होऊन दिसतात.

गणितही सोपंय. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (५० एमएम लेन्सची ५०), एवढं मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर किती पट पडते तो आकडा, लेन्सच्या मूळ मॅग्निफिकेशनमध्ये मिळवायचं. ३६ ला ५० ने भागलं की ०.७२, लेन्सचं स्वतःचं ०.२१, झालं ०.९३. म्हणजे जवळजवळ वन इज टू वन, सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी. २००डीचा सेन्सर २२.३ एमएम रुंद आहे, म्हणजे फ्रेममध्ये एकूण मावतंय २४ एमएम. दहा रुपयाचं नाणं २७ एमएमचं असतं, ते पूर्ण बसत नाही. तिन्ही ट्यूब एकावर एक लावल्या तर ६८ एमएम होतात, मॅग्निफिकेशन दीडच्या पुढे जातं आणि फ्रेममध्ये फक्त १४-१५ एमएम उरतात. ऐकायला भारी वाटतं पण माझ्या कामाला मला ३६ वालीच सगळ्यात योग्य वाटली, त्यावर पुढे बोलते.

कॉन्टॅक्टचं थोडं जास्त सांगायला पाहिजे कारण दुकानात कुणी सांगत नाही. बाजारात दोन प्रकार मिळतात, एक नुसत्या रिंगांचा चारपाचशे रुपयांच्या आसपासचा आणि एक हा सोनेरी पिना असलेला. स्वस्तवाल्या रिंगमधून कॅमेरा आणि लेन्सचं बोलणं होत नाही, आणि कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) विजेवर चालतं, त्यामुळे ते १.८ ला, म्हणजे पूर्ण उघडंच राहतं. एवढ्या जवळून १.८ म्हणजे केसाएवढी पट्टी शार्प, बाकी सगळं धुकं. त्यात एसटीएम लेन्सची मॅन्युअल फोकसची रिंगसुद्धा मोटरमार्फत चालते, करंट नसेल तर नुसती गोल फिरत राहते आणि फोकस हलत नाही. म्हणजे ५० एसटीएमवर नुसत्या रिंगा घेतल्या तर अ‍ॅपर्चरही गेलं आणि फोकसही गेला. जुन्या मॅन्युअल लेन्सा ज्यांच्याकडे आहेत, अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवरच असलेल्या, त्यांनी खुशाल स्वस्तवाल्या घ्याव्यात, त्यांचं काही अडणार नाही.

आता खरं काम. सगळ्यात पहिल्यांदा काढला तो माझा जेवणाचा डबा. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, कॉलेजपासूनचा, आता ऑफिसला नेते. झाकणावर नाव घातलंय, भांड्यांच्या दुकानात ते मशीनचं पेन टर्रर्र करत घालून देतात ना तसं, माझं पहिलं नाव आणि माहेरचं आडनाव. हा डबा मी रोज घासते, रोज उघडते, आणि ते नाव शेवटचं कधी वाचलं असेल आठवत नाही. ३६ची ट्यूब लावून खिडकीपाशी ठेवला आणि स्क्रीनवर दहापट झूम करून बघितलं तर आडनावाच्या पहिल्या अक्षराची रेघ रेघच नव्हती, एकाला एक लागून मारलेले ठिपके होते, प्रत्येक ठिपका म्हणजे एक बारीक खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला स्टील थोडंसं वर उचललेलं. खड्ड्यांच्या तळाशी काळपट काहीतरी बसलंय, घासणी तिथपर्यंत पोचतच नाही. आणि अक्षराच्या सभोवती घासण्याचे ओरखडे, हजारो, सगळे गोल गोल, एकाच दिशेने वळलेले. मी उजव्या हाताने गोल फिरवत घासते. आई पण तसंच घासते. ते ओरखडे कुणी ठरवून काढलेले नाहीत, इतक्या वर्षांत हाताने आपोआप काढलेत. अक्षरं मात्र एकदाच, दोन मिनिटांत, दुकानदाराने घातलेली, आणि ती झिजत चाललीत. दोन कान्यांची खालची टोकं जवळपास पुसलीत. लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदललं पण डब्यावरचं तसंच राहिलं होतं आणि आता ते माझ्याच घासण्याने जातंय, हे मला त्या फोटोने दाखवलं. माझा चेहऱ्याचा कुठलाच फोटो माझ्याबद्दल एवढं सांगत नाही, आणि हे मी अगदी मनापासून लिहितेय.

कॅमेरा समोर आला की चेहरा तयारीला लागतो. आपण हसतो, मान जरा तिरकी करतो, पोट आत घेतो. वस्तूला ते जमत नाही. तिच्यावर जे झालंय ते झालंय.

ही कल्पना काही माझी नाही. जपानच्या इशिउची मियाको नावाच्या फोटोग्राफर आहेत, जन्म १९४७चा. चाळिशीला आल्यावर त्यांनी आपल्याच वर्षी जन्मलेल्या बायकांच्या हातापायांचे क्लोजअप काढले, टाचांच्या भेगा, बोटांवरच्या सुरकुत्या, नखं. दुसऱ्यांचे हात, पण वय स्वतःचं. मग २००० साली त्यांची आई गेली, आणि मागे राहिलेल्या तिच्या वस्तू, वापरून संपत आलेली लिपस्टिक, केस अडकलेला ब्रश, कवळी, अंतर्वस्त्रं, बूट, यांचे फोटो त्यांनी काढले. आईशी त्यांचं फारसं जुळायचं नाही. तेच फोटो २००५ साली व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात लागले. पुढे हिरोशिमाच्या संग्रहालयातले बॉम्बमध्ये सापडलेल्यांचे कपडे आणि मेक्सिकोमध्ये चित्रकार फ्रिडा काहलोच्या बंद खोलीतून निघालेल्या वस्तूही त्यांनी काढल्या, आणि २०१४ला त्यांना फोटोग्राफीचा हासेलब्लाड पुरस्कार मिळाला. नेटवर ते फोटो जरूर बघा. लिपस्टिकचा तर खास बघा, ओठांनी झिजून झिजून तिला आलेला आकार. ती लिपस्टिक बघताना ती बाई आरशासमोर कशी उभी राहत असेल ते कळतं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मला नेहमी याच्या उलटं वाटतं. तिथे अडकित्ते आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, दिवे आहेत, एकेक वस्तू अशी की बघत राहावं, आणि त्या जमवणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो. पण कुठल्या बाईच्या टाचेखाली ती वज्री झिजली हे आता कुणीच सांगू शकत नाही. घरात असलेल्या वस्तूंचं तसं व्हायच्या आत त्यांचे फोटो काढावेत असं मला वाटतं, आणि आधी स्वतःच्या वस्तूंचे काढावेत, कारण त्यांच्याबद्दल सांगायला आपण अजून आहोत.

बरं, परत ट्यूबवर. सगळ्यात अवघड काय असेल तर फोकस. ३६ एमएमवर, एफ ८ ला (आकडा मोठा म्हणजे भोक लहान), शार्प दिसणारी जाडी पाऊण मिलिमीटरसुद्धा नसते. ऑटोफोकस माझ्या सेटवर चालतो म्हणजे चालतो असं म्हणायचं, पुढे मागे शोधत बसतो आणि शेवटी सोडून देतो. त्यात वेळ घालवू नका. लेन्स मॅन्युअलवर टाका, फोकस एका जागी ठेवा आणि स्वतः पुढे-मागे व्हा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र, चालू करून दहापट झूम करायचं, कोपर टेबलवर टेकवायचं, आणि श्वास सोडता सोडता कॅमेरा हळूच पुढे न्यायचा, हवी ती रेघ शार्प झाली की क्लिक. २००डीचा स्क्रीन बाहेर वळतो ते इथे फार उपयोगाला येतं कारण कॅमेरा बऱ्याचदा टेबलाला जवळपास टेकलेला असतो आणि आपण कुठूनतरी वाकून बघत असतो. ट्रायपॉड असेल तर कॅमेरा हलवण्यापेक्षा वस्तूच एका वहीवर ठेवून वही सरकवा, जास्त सोपं जातं. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागणार नाही.

अ‍ॅपर्चर अजून बंद करून जाडी वाढवू म्हणाल तर तेही एका मर्यादेपर्यंतच. वन इज टू वनला लेन्सवर जो आकडा लावलाय त्याच्या दुप्पट आकड्यासारखं अ‍ॅपर्चर वागतं, एफ ८ म्हणजे प्रत्यक्षात एफ १६ सारखं, आणि १६ लावलं की ३२ सारखं, मग डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. उजेडही चौथा हिस्साच आत येतो. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, कॅमेरा बरोबर सांभाळतो पण शटर हळू होतो. मी ८ आणि ११ च्या मध्येच राहते. फोकस स्टॅकिंग हा दुसरा मार्ग, म्हणजे थोडं थोडं पुढे सरकत बरेच फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे शार्प भाग जोडायचे. हेलिकॉन आणि झेरीन विकत मिळतात, हगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या टूल्सनी फुकटातही होतं. मी करून बघितलं, जमतं, पण या विषयाला मला ते आवडलं नाही. सगळंच शार्प झालं की परत कॅटलॉग होतो. नजर कुठे टेकवायची ते मला ठरवायचंय, आणि त्या पाऊण मिलिमीटरमध्ये ते आपोआप ठरवावं लागतं.

चष्म्याच्या फोटोत हे फार छान कळलं. नाकावर टेकतो तो पॅड जिथे स्क्रूने बसवलेला असतो तिथे हिरवट थर जमलाय, जुना चष्मा असेल तर तुमच्याकडेही असेल, काढून बघा. फ्रेमच्या धातूत तांबं असतं, त्याची घामाशी आणि त्वचेच्या तेलाशी प्रक्रिया होऊन तो हिरवा रंग येतो. म्हणजे तो हिरवा रंग अर्धा फ्रेमचा आणि अर्धा माझा आहे. मी फोकस फक्त त्यावर ठेवला, पॅड थोडा पिवळा पडलाय तो मागे मऊ दिसतो आणि काच तर नुसती चकाकी. फोटोत चष्मा आहे हे कळायला दोन-तीन सेकंद लागतात आणि मला ते आवडतं.

उजेडाबद्दल. महागडं काही लागत नाही. खिडकी, बटर पेपर आणि थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढ्यावर सगळं होतं. उजेड कुठून येतो याला मात्र फार महत्त्व आहे. समोरून उजेड टाकला की झीज दिसतच नाही, सगळं सपाट. बाजूने, अगदी वस्तूला घासून जाईल असा तिरका उजेड हवा, मग प्रत्येक ओरखड्याला एक उजळ कड आणि एक काळी कड मिळते. स्टीलवर खोलीतलं सगळं उमटतं, तुमचा कुर्तासुद्धा, म्हणून मध्ये बटर पेपर धरायचा. लाकडाला, कापडाला बटर पेपर काढून टाकला तरी चालतो. अंतर ही अडचण आहे, ३६ वर लेन्सचं तोंड वस्तूपासून जेमतेम चार बोटं राहतं आणि तिन्ही ट्यूब लावल्या तर अजून कमी, मग लेन्सचीच सावली पडते. लेन्सचं हूड काढून ठेवा, नाहीतर ते वस्तूला धडकेल.

साफ करायचं की नाही यावर मी बराच विचार केला. एवढ्या जवळून धूळ म्हणजे डोंगर दिसते, टॉवेलचा एखादा धागा सगळ्या फोटोचं वाटोळं करतो. मग मी असं ठरवलं की कालची धूळ ब्लोअरने उडवायची आणि वर्षांचा मळ तसाच ठेवायचा. लाटण्याच्या मुठीजवळ लाकडाला एक उभी चीर आहे, तिच्यात पीठ जाऊन जाऊन दगडासारखं घट्ट झालंय, ते मी काढलं नाही. तिथे लाकडाचा रंगही वेगळा आहे, मधला भाग कोरडा, फिकट, आणि दोन्ही टोकं तळहाताच्या तेलाने गडद तपकिरी, जवळजवळ पॉलिश केल्यासारखी. डाव्या टोकापेक्षा उजवं टोक जास्त गडद आहे. पोळी लाटताना मी उजवीकडे जास्त जोर देते हे मला त्याआधी माहीत नव्हतं, आणि हो, माझ्या पोळ्या एका बाजूला पातळ होतात ते त्यामुळेच असणार.

पेनाचं टोक तिन्ही ट्यूब लावून काढलं, त्या एका फोटोसाठी तेवढं मॅग्निफिकेशन वाजवी वाटलं. बॉलपेनाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची मिलिमीटरभराच्या आसपासची गोळी असते, तिच्यावर शाईचा निळा थर आणि तिच्या पितळी घराला एका बाजूने आलेली झीज, कारण मी पेन कायम एकाच तिरक्या कोनात धरते. बँकेत दिवसभर सह्या आणि आकडे, त्याचा तो कोन आहे. किल्लीचा फोटोपण सुंदर आला, वरचं निकेलचं पाणी दातांवरून उडून आतलं पिवळं पितळ उघडं पडलंय. पण एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते, किल्लीच्या दातांचा फोटो कुठेही टाकू नका. दातांची उंची फोटोवरून मोजून डुप्लिकेट किल्ली बनवता येते. एटीएम कार्डाचंही तसंच, झिजलेले आकडे दिसायला कितीही छान दिसले तरी ते आकडे आहेत. मी किल्लीचा फक्त वरचा गोल भाग, जिथे अंगठा टेकतो तो ठेवलाय.

ट्यूबच्या तक्रारी आता. पहिली, आतला काळा रंग चकचकीत आहे. प्लास्टिकच्या आतल्या भिंतीवरून उजेड उडतो आणि सेन्सरवर पसरतो, त्यामुळे स्टील किंवा पांढरी वस्तू असेल तर फोटोच्या मध्यभागी एक फिकट डाग येतो, कॉन्ट्रास्ट जातो. माझे डब्याचे सुरुवातीचे फोटो त्यापायी बाद झाले. उपाय सोपा आहे, काळा मखमली स्टिकर पेपर मिळतो त्याची पट्टी कापून आतून चिकटवायची, कॉन्टॅक्टच्या पिना आणि वायर सोडून. नीट चिकटवा, धागे सुटून सेन्सरवर पडायला नकोत. दुसरी, माउंट. धातूचं आहे म्हणून विकतात आणि वरची रिंग धातूची आहेही, पण ती प्लास्टिकच्या बॉडीला बारीक स्क्रूंनी बसवलेली आहे आणि लेन्स किंचित हलते. ५० एमएमला काही होत नाही कारण लेन्स हलकी आहे. जड झूम लेन्स मात्र याला लटकवू नका, अगदी कुणी काहीही सांगितलं तरी. तिसरी, तिन्ही ट्यूब जोडल्या की मधूनच कॅमेरा लेन्सशी बोलणं बंद करतो आणि एरर देतो. सगळं काढून, पिना कोरड्या मऊ कपड्याने पुसून, परत लावलं की चालतं. एकेकटी ट्यूब लावल्यावर मला हा त्रास झालेला नाही.

दुसरे पर्याय कुठले तर एक मोबाइल. स्वस्त फोनमध्ये दोन मेगापिक्सलचा मॅक्रो कॅमेरा दिलेला असतो त्याने हे काम होत नाही, डिटेलच नसतं. महागड्या फोनमध्ये अल्ट्रावाइडवर मॅक्रो येतो, आयफोनमध्ये १३ प्रोपासून आला, दोन सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, शार्पही असतो, पण वाइड लेन्स असल्यामुळे वस्तू मध्ये फुगल्यासारखी दिसते आणि फोनचीच सावली पडते. सराव म्हणून, काय काढायचं ते शोधायला, फोन उत्तम. रेनॉक्सची डीसीआर २५० नावाची लेन्स आहे, समोरून क्लिपने बसते, ५२ ते ६७ एमएमच्या फिल्टर थ्रेडसाठी, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी असलेल्या आट्यांसाठी. तिच्यात खरी काच आहे आणि ती लांब फोकल लेंग्थच्या लेन्सवर खुलते, झूमवाल्यांनी तिचा विचार करावा. पण ५० एसटीएमचा थ्रेड ४९चा, त्यामुळे मध्ये माप वाढवणारी स्टेप-अप रिंग लागते. रिव्हर्स रिंग लावून लेन्स उलटी बसवणं सगळ्यात स्वस्त, तिथे परत तीच अ‍ॅपर्चरची अडचण. आणि बजेट असेल तर खरी मॅक्रो लेन्स घ्या, ६० किंवा १०० एमएमची, अंतर जास्त मिळतं, फोकस सुखाचा होतो, वाद नाही. मी अजून तरी घेणार नाही. चार बोटांच्या अंतरावर वस्तूवर ओणवं व्हावं लागतं, श्वासाची वाफ स्टीलवर धरते आणि ती उडेपर्यंत थांबावं लागतं, या थांबण्यात मला कितीतरी गोष्टी दिसल्या.

एक सल्ला मालिका करणाऱ्यांना. प्रत्येक वस्तूला वेगळं मॅग्निफिकेशन वापरू नका. मी पेनाचा एक अपवाद सोडून सगळे फोटो ३६च्या ट्यूबवर, फोकस रिंग सगळ्यात जवळ नेऊन काढलेत, म्हणजे प्रत्येक फोटोत माझ्या आयुष्यातले २४ एमएम आहेत, डब्याचे २४, लाटण्याचे २४, चपलेवर अंगठ्याचा जो खड्डा पडलाय त्याचे २४. शेजारी शेजारी लावले की बघणाऱ्याला आकार आपोआप कळत जातो आणि सगळ्या वस्तू एकाच माणसाच्या आहेत हे पटतं. आधी मी वस्तूप्रमाणे ट्यूब बदलत होते तेव्हा प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे चांगला होता पण एकमेकांशी बोलत नव्हते.

आणि प्रिंट काढाच. मोबाइलच्या स्क्रीनवर याची निम्मी मजा जाते. २४ मेगापिक्सलची फाइल १२ बाय १८ इंचाला आरामात पुरते, त्या आकाराला डब्याचे ते २४ एमएम जवळपास एकोणीस पट मोठे होतात. मॅट पेपर घ्या, ग्लॉसीवर स्टीलची चमक आणि कागदाची चमक एकमेकांत मिसळते. लॅबवाल्याला सांगून ठेवा की ऑटो करेक्शन करू नका, नाहीतर ओरखडे आणि डाग म्हणजे खराबी समजून तो ते गुळगुळीत करून देईल. माझ्या आईने प्रिंट हातात घेऊन पहिल्यांदा विचारलं की ही कुठली जमीन आहे गं, आणि डबा म्हटल्यावर तिने आत जाऊन तिचा स्वतःचा तांब्या आणला, हाही काढ म्हणाली. तिचं नाव घातलंय त्यावर, आजोबांनी लग्नात दिलेला, तारखेसकट. तो मी काढला पण माझ्या मालिकेत घेतला नाही, ती तिची होईल, तिच्या वस्तू तिने निवडायच्यात.

कुणी घ्याव्यात तर ज्यांच्याकडे ५० एमएम आधीच आहे, टेबल आणि खिडकी आहे आणि बसून राहायची तयारी आहे त्यांनी जरूर. घाईत क्लिक करत फिरणाऱ्यांना कंटाळा येईल. लहान मुलांच्या किंवा हलणाऱ्या कशाच्याही फोटोंसाठी घेऊ नका. घेताना दुकानात तिन्ही ट्यूब एकेक करून आणि मग एकत्र लावून बघा, अ‍ॅपर्चर बदलतंय का ते स्क्रीनवर तपासा, लेन्स लावताना क्लिक असा आवाज स्पष्ट आला पाहिजे आणि काढायचं बटण दाबल्याशिवाय निघता कामा नये. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करून घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार, एक त्या आतल्या चकचकीत रंगासाठी कापला. निकॉन किंवा सोनीवर कुणी हाच प्रकार वापरत असेल तर एरर येतो का, आणि मखमली पेपर किती दिवस टिकला, तेवढं लिहा.